जुन्या मोटारसायकलींचें मोल

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मोटारसायकलींच्या किंमतींची चर्चा करूं लागल्यास कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु एखादी वस्तु जुनी झाली असतां तिचें मोल कां वाढतें, तें कोण ठरवितो, आणि एका पिढीनें ठरविलेलें मोल दुसरीच्या हातीं टिकतें कीं नाहीं, हे प्रश्न ग्रंथांच्या टीकाकारास मुळींच नवे नाहींत. किंबहुना त्याचा सारा व्यवसाय याच तीन प्रश्नांवर चालतो. गेल्या दहापंधरा वर्षांत हेच प्रश्न गॅरेजांतून व जुन्या गाड्यांच्या बाजारांतून मोठ्या आवाजांत विचारले जाऊं लागले आहेत. आणि तेथें दिलीं जाणारीं उत्तरें आम्हांस समाधानकारक वाटत नाहींत. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त असें झालें. आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी यामाहा आर्एक्स १०० या गाडीवरून येतो. ही गाडी १९८५ सालीं निघाली व १९९६ सालीं बंद पडली; म्हणजे तो जन्मला तेव्हां तिचें उत्पादन थांबून कांहीं वर्षें लोटलीं होतीं. नव्या, चांगल्या गाडीला पुरेल एवढी रक्कम देऊन त्यानें ती घेतली. आम्हीं कौतुकानें चौकशी केली, तेव्हां तो म्हणाला, “सर, पांच वर्षांनीं हिचे दुप्पट येतील.” गाडी चालते कशी, किंवा ती आवडली कां, यांविषयीं त्यानें प्रथम कांहींच सांगितलें नाहीं. त्याचें हें उत्तर आमच्या मनांत बरेच दिवस घोळत राहिलें.

मोल चढण्याउतरण्याच्या या प्रश्नाचा सांगोपांग विचार करणारा एक ग्रंथ इंग्रजींत पूर्वींच झालेला आहे. मायकेल थॉम्प्सन या समाजमानवशास्त्रज्ञाचा ‘रबिश थिअरी’, म्हणजे कचऱ्याची मीमांसा, हा ग्रंथ १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील प्रतिपादन थोडक्यांत असें: वस्तूंचे आपण दोन वर्ग मानितों. एक क्षयिष्णु वस्तूंचा. त्यांचें मोल दिवसेंदिवस उतरतें. दुसरा टिकाऊ वस्तूंचा. त्यांचें मोल दिवसेंदिवस चढतें. पहिल्या वर्गांतील वस्तु थेट दुसऱ्या वर्गांत जात नाहीं. ती आधीं कवडीमोल होते, माळ्यावर नाहीं तर भंगारांत पडते, कोणाच्याहि हिशेबांत राहत नाहीं. अशी ती दृष्टीआड झाल्यावरच तिच्या जातीच्या थोड्या वस्तूंस कोणी तरी उचलतो आणि टिकाऊ वर्गांत नेऊन बसवितो. थॉम्प्सननें उदाहरण दिलें आहे तें कॉव्हेंट्री येथें टॉमस स्टीव्हन्सच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विणलेल्या रेशमी चित्रांचें. हीं चित्रें स्वस्तांत विकलीं गेलीं. पुढें कित्येक दशकें त्यांस कोणी विचारीना. आणि नंतर संग्राहकांची नजर वळतांच त्यांचे भाव झपाट्यानें चढले. त्याच कॉव्हेंट्री शहरांत पुढें ट्रायम्फ मोटारसायकली तयार झाल्या, हा योगायोग आमच्या विषयास सोयीचा आहे.

पश्चिमेकडील मोटारसायकलींचा बाजार पाहिला तर थॉम्प्सनचें म्हणणें बव्हंशीं खरें वाटूं लागतें. इंग्लंडांत स्टीव्हनेज येथें तयार होणाऱ्या व्हिन्सेंट मोटारसायकली आपल्या काळीं अत्यंत वेगवान म्हणून गाजलेल्या होत्या. परंतु त्या महाग पडत, आणि १९५५ सालीं कंपनीनें त्या काढणें बंद केलें. त्याच कंपनीची १९५१ सालची एक ‘ब्लॅक लाइटनिंग’ जानेवारी २०१८ मध्यें लास व्हेगस येथील लिलावांत ९,२९,००० डॉलरांस गेली. जानेवारी २०२३ मध्यें त्याच शहरांत १९०८ सालची एक हार्ले-डेव्हिडसन ९,३५,००० डॉलरांस विकली गेली. हार्लेची कंपनी जगली, व्हिन्सेंटची बुडाली; तरी दोन्ही गाड्यांचा भाव जवळजवळ सारखाच आला. कारखान्याच्या यशापयशाशीं गाडीच्या पुढील मोलाचा फारसा संबंध नाहीं, एवढें तरी यावरून दिसतें.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलकें आहे. १९८३ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें यामाहाच्या आर्डी ३५० या गाडीची भारतीय आवृत्ति ‘राजदूत ३५०’ या नांवानें काढिली. दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटिमीटरांचें टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. एवढी चपळ गाडी तोंपर्यंत आपल्या रस्त्यांनीं पाहिली नव्हती. परंतु तिला पेट्रोल फार लागे, सुटे भाग महाग पडत, आणि तिचें काम जाणणारे मेस्त्रीहि थोडे. लवकरच काटकसरी अशा १०० घनसेंटिमीटरांच्या जपानी धर्तीच्या गाड्या आल्या: १९८४ सालीं इंड-सुझुकी, १९८५ सालीं हिरो होंडा व यामाहा, १९८६ सालीं कावासाकी बजाज. दशक सरतां सरतां राजदूत ३५० बाजारांतून गेली. आज संग्राहक जिच्यासाठीं गांवोगांव शोध करीत हिंडतात, ती हीच गाडी.

जावा-येझदीची कथा निराळ्या वळणाची, पण शेवट तोच. झेकोस्लोव्हाकियाची जावा भारतांत आणणारी आयडियल जावा कंपनी म्हैसूर येथें १९६० सालीं स्थापन झाली. पुढें तीच गाडी येझदी या नांवानें निघूं लागली. आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. त्यानंतर कित्येक वर्षें ही गाडी दुधाचे कॅन वाहण्यास तेवढी चांगली, असें लोक म्हणत. आज जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं तिचे भक्त गांवोगांव मेळे भरवितात. नोव्हेंबर २०१८ मध्यें जावा आणि जानेवारी २०२२ मध्यें येझदी हीं नांवें नव्या गाड्यांवर पुन्हां झळकलीं. इंजिन नवें, नांव तेवढें जुनें. यावरून नांवासहि किंमत आली आहे, हें उघड होतें.

आतां हें मोल कशाचें, याचा विचार करूं. पहिलें उत्तर येतें तें वयाचें. परंतु केवळ जुनें म्हणून तें चांगलें, या समजुतीस कालिदासानेंहि ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत हटकलें आहे, आणि बाजारहि तसें मानीत नाहीं. दुसरें उत्तर दुर्मिळतेचें. तेंहि अपुरें आहे. कावासाकी बजाजची केबी १०० ही आर्एक्सच्याच काळची व आतां रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडणारी. परंतु तिच्यामागें धांवणारे ग्राहक त्या मानानें थोडे. तिसरें उत्तर गुणांचें. गुणच पाहावयाचे तर हिरो होंडाच्या सीडी १०० या गाडीनें थोड्या पेट्रोलांत लांब जाण्याची युक्ति सामान्य माणसाच्या दारीं आणून दिली, आणि मोटारसायकलींचा सारा देशी बाजार तिनें पालटून टाकिला. असें असूनहि दिवाणखान्यांत ठेवावी असें तिच्याविषयीं कोणास वाटत नाहीं. वय, दुर्मिळता व गुण हीं तिन्ही कारणें लागतात खरीं. पण तिघांची बेरीज करूनहि किंमतीचा आंकडा जुळत नाहीं. कांहीं शिल्लक उरतें.

तें उरलेलें म्हणजे स्मृति होय. आर्एक्स किंवा राजदूत ३५० यांसाठीं आज जे मोठी रक्कम मोजतात, त्यांतील पुष्कळजण पंचेचाळीस ते साठ या वयांतले आहेत. ते महाविद्यालयांत होते तेव्हां या गाड्या दुसऱ्यांपाशीं होत्या. बसच्या थांब्यावर उभें राहून ज्यांनीं त्यांचा आवाज ऐकिला, त्यांच्या हातीं आतां पैसा आला आहे. ते गाडी विकत घेतात, पण मोल देतात तें त्या थांब्यावरील उभ्या मुलाच्या इच्छेचें. या वर्गांतून आम्ही स्वतःस वगळूं शकत नाहीं.

आमच्या तीर्थरूपांपाशीं येझदी होती. जिनें कीक मारावयाची तीच दांडी आंत दाबून पुढें वळविली कीं गिअरची होई. एका सिलिंडरास दोन सायलेन्सर. आणि पेट्रोलांत ऑइल मिसळून जाळल्यामुळें येणारा तो वास. दर रविवारीं सकाळीं ते प्लग काढून घांसत, पॉइंट पाहत, आणि आम्हीं नुसता पाना धरून उभें राहावें अशी त्यांची अपेक्षा असे. आम्ही हातांत पुस्तक घेऊन उभे राहत असूं. १९९९ सालीं, गाडी दोन वर्षें जागची हलली नाहीं असें पाहून, आम्हींच ती भंगारवाल्यास वजनावर दिली. तीर्थरूप कांहीं बोलले नाहींत. टूलकिटांतील प्लगचा पाना मात्र त्यांनीं काढून ठेविला. तो आज आमच्या टेबलावर असून कागद उडूं नयेत म्हणून उपयोगीं पडतो. तसल्याच एका येझदीची किंमत परवां आम्हीं विचारली. ती आमच्या एका महिन्याच्या वेतनांत बसणारी नव्हती. थॉम्प्सनच्या भाषेंत सांगावयाचें तर वस्तु कचऱ्याच्या पायरीवर असतां तिला खालीं ढकलणारे आम्ही, आणि ती वर चढल्यावर हळहळणारेहि आम्हीच.

स्मृतीवर उभारलेल्या किंमतीस एक मोठा धोका आहे. स्मृति वारशानें जात नाहीं. एका पिढीचा उमाळा ओसरला म्हणजे गाड्या बाजारांत एकदम येतात, आणि घेणाऱ्यांच्या मनांत तो बसथांबा नसतो. म्हणून ‘पांच वर्षांनीं दुप्पट’ हा हिशेब आम्हांस भरंवशाचा वाटत नाहीं. शिवाय तो अंकगणितांतहि कच्चा आहे. समजा, कोणी २०,००० रुपये शेंकडा ७ दरानें चक्रवाढ व्याजावर ४० वर्षें ठेविले. तर त्यांचे सुमारें ३,००,००० होतात, म्हणजे पंधरा पट. ज्या गाडीला मूळ २०,००० पडले, ती चाळीस वर्षांनीं दीड लाखांस गेली तर पाहणारे तोंडांत बोट घालतील. वस्तुतः मालक निम्म्यानें बुडालेला असतो, आणि मधल्या काळांतील टायर, पिस्टन, कर व विमा यांचा खर्च निराळाच. विजयाच्या गोष्टी ज्या गाड्या उरल्या त्यांच्याच सांगितल्या जातात. वजनावर गेलेल्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

किंमत वाढली कीं खऱ्याखोट्याचा प्रश्न उभा राहतो, आणि येथें आमच्यासारख्या ग्रंथजीव्यास घरच्यासारखें वाटतें. आर्एक्सच्या आरंभींच्या गाड्यांचे भाग जपानहून आले होते. म्हणून जपानी शिक्क्याच्या इंजिनास अधिक मान. मान आला कीं शिक्केहि उठविले जातात. चासीचा क्रमांक नव्यानें ठोकलेला, टाकी दुसऱ्या गाडीची, मडगार्ड कालपरवांचें, वर झगझगीत रंग, आणि विकणारा म्हणतो, “मूळची आहे.” प्राचीन ग्रंथाच्या पोथ्या जुळवितांना संपादक ज्यास प्रक्षेप म्हणतो, तोच हा. पाठचिकित्सेचा पहिला नियम येथेंहि लागू पडतो: फार सफाईदार वाचली जाणारी पोथी अधिक संशयानें पाहावी. गंजाचे डाग व मूळचा उडालेला रंग अंगावर वागविणाऱ्या गाडीस जाणकार संग्राहक अधिक मोल देऊं लागले आहेत, हें आम्हांस सुचिन्ह वाटतें.

आतां पुढील काळाकडे पाहूं. कायद्याचें म्हणाल तर आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढिले: गाडी मूळ स्वरूपांत असावी, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणितां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतवजा मेळा, पेट्रोल भरणें, दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिला मोकळीक आहे. १९८५ ची आर्एक्स २०३५ सालीं पन्नाशी गांठील. तेव्हां जो मालक ही नोंदणी घेईल, त्याच्या गाडीस सरकारदरबारीं मान मिळेल आणि त्याच क्षणीं बाजारहाटास जाण्याची तिला बंदी होईल. टू-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पेट्रोलाबरोबर जळतें आणि कांहीं मिश्रण न जळतांच बाहेर पडतें. त्यामुळें शहरांतील हवेचा विचार करणारा कायदा त्यांस दिवसेंदिवस सैल होईल, अशी आशा करणें व्यर्थ आहे, आणि ती करणें न्याय्यहि नव्हे.

दुसरा प्रश्न आजच्या गाड्यांचा. त्या उद्यां संग्राह्य होतील काय? १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या धूरनियमांनंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलें आहे. हवा स्वच्छ राहण्यास याचा उपयोग झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु बिघडलेला कार्बोरेटर उघडून, धुऊन, जेट फुंकून पुन्हां बसवितां येतो. इंजेक्शनास आज्ञा देणारी पेटी बिघडली तर ती बदलावी लागते, आणि पन्नास वर्षांनीं तिच्या जागीं बसवावयास तसलीच पेटी कोठून आणावयाची? जुन्या गाडीचा पिस्टन झिजला तर सिलिंडरास बोअर मारून मोठा पिस्टन घालतात. बुश झिजला तर लेथवर नवा करितात. जी वस्तु तिच्या कर्त्याच्या पश्चात् सामान्य हत्यारांनीं दुरुस्त करितां येते, तिलाच दीर्घ आयुष्याचा संभव अधिक.

येथें थॉम्प्सनपासून आम्ही थोडे वेगळे होतों. त्याची मीमांसा रेशमी चित्रास तंतोतंत लागू पडते. कारण चित्र भिंतीवर टांगलें कीं त्याचें काम झालें. मोटारसायकल उभी राहिली म्हणजे तिचें काम थांबलें. तिच्या टिकाऊपणास किंमत, पाटी व दिवाणखाना एवढें पुरत नाहीं. तिला चालविणारें व उघडून जोडणारें माणूस लागतें. याचा पुरावा बुलेटनें दिलेला आहे. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेली ही गाडी थॉम्प्सनच्या कचऱ्याच्या पायरीवर कधींच उतरली नाहीं. इंग्लंडांतील मूळची कंपनी बुडाली, तरी येथील कारखाना चालूच राहिला. आणि जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाचें काम जाणणारा मेस्त्री तालुक्याच्या गांवींहि भेटत असे. विद्या जिवंत राहिली, म्हणून वस्तूस मरावें लागलें नाहीं. रॉबर्ट पर्सिग यानें मोटारसायकलीच्या निगराणीवर एक तत्त्वचिंतनपर ग्रंथ लिहिला; तो १९७४ सालीं निघाला व जगभर वाचला गेला. ज्या होंडावरून त्यानें तो प्रवास केला, ती आतां वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. तिला तेथें जागा मिळाली हें योग्यच झालें. पण निगराणीचा तो धडा संग्रहालयांत ठेवितां येत नाहीं. तो कोणाच्या तरी हातांतच राहतो.

आमच्या पेठेंत येझदीचें काम जाणणारे एक वृद्ध मेस्त्री होते. सायलेन्सर जाळून आंतील काजळी कशी झाडावी, सिगारेटच्या डबींतील पातळ कागद पॉइंटांत धरून टायमिंग कसें साधावें, हें त्यांच्यापाशीं होतें. कोणत्याहि पुस्तकांत तें त्या रीतीनें लिहिलेलें नाहीं. त्यांच्याकडे शिकावयास कोणी बसलें नाहीं, कारण त्या गाड्या तेव्हां कवडीमोल होत्या. आतां गाड्यांस भाव आला, आणि ते नाहींत. त्यांच्या दुकानाच्या जागीं मोबाइलचें दुकान आहे. न फाडलेल्या पानांचा दुर्मिळ ग्रंथ कपाटांत जपणाऱ्या धनिकाचें आम्हां अध्यापकांस हंसूं येतें. परंतु ज्या भाषेचे वाचकच उरले नाहींत, तींतील ग्रंथाची किंमत कितीहि चढली तरी तो ग्रंथ मुकाच असतो, हें आपण विसरतों.

तेव्हां आमचा निर्णय असा. जुन्या मोटारसायकलींच्या किंमती आणखी कांहीं काळ चढतील, आणि ज्यांनीं त्या केवळ विकण्यासाठीं घेतल्या, त्यांपैकीं पुष्कळांची पुढें निराशा होईल. पन्नास वर्षांनंतर ज्या गाड्यांस मोल राहील, त्या बहुधा महागांत महाग नसतील. ज्यांचे भाग घडवितां येतात आणि ज्यांचें काम शिकलेला कोणी तरुण शिल्लक आहे, त्याच त्या असतील. चढत्या भावाचा एक उपकार मात्र मानिलाच पाहिजे: त्यामुळें उरलेल्या गाड्या भंगारांत जाण्याच्या थांबल्या. आमच्या वेळीं हा भाव असता तर तीर्थरूपांची गाडी राहिली असती. परंतु ती आम्हांस चालू ठेवितां आली असती काय, या प्रश्नाचें उत्तर देण्यास आमच्यापाशीं तोंड नाहीं. कारण त्या रविवारीं आमच्या हातीं पाना नव्हता, पुस्तक होतें.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून सांगितलें कीं, गाडीचे दुप्पट येतील कीं नाहीं तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु या सुटींत एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडे बसून प्लग, क्लच व कार्बोरेटर यांचें काम शिकून घ्यावें. तो हंसला, आणि जावयास निघाला. मग दारापासून परत येऊन त्यानें विचारलें, “सर, आपल्या ओळखीचे कोणी आहेत काय?” या प्रश्नाचें उत्तर आम्ही अजून शोधीत आहों, वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं असा मेस्त्री असेल, तर त्याच्याकडे एका मुलास आजच बसवावें, एवढीच विनंति.